वाढणें आणि वाढविणें

आपल्या भाषेंत प्रयोजक क्रियापदें मोठ्या सुलभतेनें तयार होतात. बसणें-बसविणें, उठणें-उठविणें, हसणें-हसविणें. आणि त्याच ओळींत वाढणें-वाढविणें. व्याकरणाच्या दृष्टीनें या जोड्यांत भेद नाहीं. परंतु दार बसविणारा सुतार आणि झाड वाढविणारा माळी हे दोघेही जेव्हां 'हें मीं केलें' असें म्हणतात, तेव्हां त्या दोन 'मीं'मध्यें बरेंच अंतर असतें. सुताराच्या हातांवांचून दार चौकटींत बसत नाहीं. झाड मात्र माळ्याच्या हातांनीं वाढत नाहीं. तें आपलें आपण वाढतें. माळी आळें करतो, पाणी घालतो आणि बाजूला होतो. तरीसुद्धां भाषा त्याला कर्तृत्व बहाल करते, व तोही तें निःसंकोच स्वीकारतो. आईबाप मुलांना वाढवितात, पुढारी संस्था वाढवितात, गुरु शिष्यांना घडवितात. माझ्या व्यवसायांत तर निरोपसमारंभाचें एकही भाषण या जातीच्या क्रियापदावांचून पार पडत नाहीं. ज्याची वाढ त्याच्याच अंगच्या शक्तीनें होते, त्या वाढीवर आपला हक्क किती, आणि त्या वाढीपायीं आपल्यावर येणारें ऋण किती, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. हक्काचा आंकडा बहुधा मोठा मांडला जातो व ऋणाचा लहान.

हा प्रश्न अलीकडे ज्या वस्तूनें माझ्यापुढें नव्यानें उभा केला ती वस्तु दिसावयास फारच क्षुद्र आहे. दगडावर चढलेला गुलाबी-जांभळ्या रंगाचा, नखाच्या जाडीचा एक थर, एवढेंच तिचें स्वरूप. तो थर मीं समुद्रकांठीं पाहिला नाहीं. तो पाहिला नागपुरांत, गांधीबागेंत.

गांधीबाग म्हटली कीं नागपूरकरांच्या डोळ्यांपुढें कापडाच्या गाठी, हातगाड्या, हमालांच्या आरोळ्या आणि घाऊक व्यापाऱ्यांच्या गाद्या उभ्या राहतात. कोणत्याही दिशेनें निघालें तरी समुद्र येथून शेंकडों मैल दूर. शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१० मीटर उंचीवर. आणि मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत. अशा ठिकाणीं, खालीं दुकान व वर बिऱ्हाड अशा एका जुन्या घराच्या माडीवर, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ३०० लिटरांचा समुद्र बाळगला आहे. दर लिटरला ३५ ग्रॅम या समुद्राच्याच प्रमाणानें त्यांत साडेदहा किलो क्षार विरघळविलेले आहेत. स्वयंपाकाचें मीठ या कामीं चालत नाहीं, कारण समुद्राच्या पाण्यांत मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादि द्रव्यें ठराविक प्रमाणांत असावीं लागतात. नळाचें पाणी आधीं यंत्रांतून गाळून निर्मळ करावयाचें. तें खेळतें राहावें म्हणून पंप. पंचवीस-सव्वीस अंशांपलीकडे तापूं नये म्हणून शीतयंत्र. आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. टाकींत पोवळीं नाहींत. तीं कां नाहींत हें पुढें येईलच. आहेत ते दगड, हॅचरींत जन्मलेले दोन क्लाउन मासे, शंखांतल्या कांहीं गोगलगायी, आणि तो गुलाबी थर.

समुद्र या घरांत पूर्वीं नव्हता असें मात्र नाहीं. त्याच माडीवर देवघरांत शंख आहे. घरांतील आजींच्या गळ्यांत पोवळ्यांची माळ आहे, आणि त्यांच्या औषधांच्या डब्यांत प्रवाळपिष्टीची पुडी. सारीपाटाच्या कवड्या अजून कोणत्या तरी फडताळांत असतील. विदर्भातील घरोघरीं समुद्र असाच आलेला आहे: मेलेला, धुतलेला, पुसलेला, टिकाऊ. शंखाची आपण पूजा करतों, परंतु त्यांत राहणाऱ्या प्राण्याचें काय झालें हें कोणी विचारीत नाहीं, आणि विचारण्याचें कारणही पडत नाहीं. कारण मेलेल्या समुद्राचा मोठा गुण हा कीं तो कांहीं मागत नाहीं. माडीवर आलेला हा दुसरा समुद्र सकाळ-संध्याकाळ मागतो. आजींनीं हा भेद आमच्यापेक्षां लवकर ओळखला. नातू पाणी मोजण्याच्या बाटल्या घेऊन बसला असतां त्या त्याला म्हणाल्या, "शंखाले एक फूल पुरते बाबू, तुह्या ह्या देवाले किती लागते!"

आतां हा थर म्हणजे काय तें सांगतों. इंग्रजींत याला कोरलाइन अल्गी म्हणतात. मराठींत प्रवाल-शैवल म्हणावयास हरकत नाहीं. तांबड्या शैवलांच्या मोठ्या गणांतील ही वनस्पति आपल्या पेशींच्या भिंतींत चुना सांठविते, तोही मॅग्नेशियमची भर असलेला; म्हणून बोटाला ती दगडच लागते. तिच्या अंगचें तांबडें रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतें. समुद्राच्या खोलींत तोच प्रकाश पोंचत असल्यामुळें, जेथें दुसरी वनस्पति तग धरीत नाहीं तेथें ही जगते. १९८४ सालीं बहामा बेटांजवळ पाणबुडींतून शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांना असें शैवल २६८ मीटर खोलीवर आढळलें. कॅनडाच्या बाजूच्या थंड समुद्रांत याच्या एका जातीचे थर झाडाच्या खोडांतील वर्तुळांप्रमाणें वर्षागणिक मोजतां येतात. २०१३ सालीं त्यांवरून मांडलेला हिशेब ६४६ वर्षें मागें जातो. म्हणजे दक्षिणेंत बहामनी राज्य नुकतें उभें राहत होतें, त्या सुमारापासूनची ही रोजनिशी.

माणसानें या वस्तूंची ओळख कशी करून घेतली तो इतिहास मोठा मौजेचा आहे. पोवळें म्हणजे वस्तुतः क्षुद्र प्राण्यांची वस्ती. त्याला आपण 'विद्रुम' म्हटलें आणि त्या शब्दांत द्रुम, म्हणजे झाड, बसविलें. युरोपांतही पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें अठराव्या शतकांत उलट सिद्ध करीपर्यंत पोवळें ही वनस्पतिच समजली जाई. प्रवाल-शैवल ही वस्तुतः वनस्पति. तिला लिनियसनें प्राण्यांच्या यादींत घातलें. पुढें अशा थरांना 'नलिपोर', म्हणजे छिद्रें नसलेलीं पोवळीं, असें नांव पडलें. जें त्यांच्या ठिकाणीं नाहीं त्यावरून! अखेर १८३७ सालीं फिलिप्पी या जर्मन पंडितानें नलिपोर या वनस्पति होत असें दाखवून दिलें. आतां ज्याची नीति 'प्राण्याला दुखवूं नये, वनस्पतीचें काय मोठेंसें' एवढ्यावरच उभी असेल, त्याच्या लेखीं या थराला जें संरक्षण १८३७ पूर्वीं होतें तें फिलिप्पीच्या एका निबंधानें काढून घेतलें असें म्हणावें लागेल. थर तर होता तसाच होता. गांधीबाग-इतवारी भागांत ज्यांची वस्ती बरीच आहे त्या जैन समाजाच्या परंपरेंत पोवळें हें पृथ्वीकाय जीवांत, म्हणजे माती-दगडांच्या रांगेंत, आणि तरीही सजीव म्हणून गणलें जातें. जीवशास्त्रज्ञ हें वर्गीकरण स्वीकारणार नाहींत. परंतु दगडासारख्या दिसणाऱ्या वस्तूशींही जपून वागावें ही त्यांतील सूचना मला वर्गीकरणाच्या कोणत्याही कोष्टकापेक्षां अधिक टिकाऊ वाटते.

या उपेक्षित थराचें समुद्रांतील काम लहान नाहीं. १८४२ च्या आपल्या ग्रंथांत डार्विननें कीलिंग बेटांचें वर्णन करतांना, लाटांचा मारा सोसणारी बाहेरची कड नलिपोरांची असल्याचें नमूद केलें. पुढें १८९६ ते १८९८ या काळांत रॉयल सोसायटीनें पॅसिफिक महासागरांतील फुनाफुटी बेटावर १,११४ फूट खोल छिद्र पाडून पाहिलें, तेव्हां त्या पोवळ्यांच्या म्हणविणाऱ्या बेटाच्या बांधणींत या शैवलाचा वाटा फार मोठा निघाला. घर पोवळ्यांच्या नांवाचें, पण गवंडी हा.

असा हा गवंडी घरच्या टाकींत वाढवावयाचा कसा? प्रथम त्याला लागणारें सामान पाण्यांत असावें लागतें: लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम, सुमारें १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, आणि पाण्याची अल्कता स्थिर. मॅग्नेशियम कमी पडलें तर चुना वनस्पतीच्या अंगीं लागण्याऐवजीं पाण्यांतच खडा धरूं पाहतो. फॉस्फेट वाढलें तर हिरवें शेवाळ माजून थराला झांकून टाकतें. यांतील एक उपाय ऐकून मला हसूं आलें, कारण तो आपल्या घरचाच निघाला. पूर्वीं तान्ह्या मुलांना दुधाबरोबर चुन्याची निवळी देत असत. तीच निवळी 'काल्कवासर' या जर्मन नांवानें जगभरचे हौशी लोक आपापल्या समुद्रांना पाजतात. लिटरभर पाण्यांत चुना विरघळतो तो अवघा दीड-पावणेदोन ग्रॅम. खालचा सांका तसाच ठेवून वरची निवळी रात्रभर थेंबाथेंबानें सोडावयाची. एकदम ओतली तर ती दाहक असल्यानें टाकींतील सर्वांचाच घात करील. टाकींतून जितकें पाणी वाफ होऊन उडतें, तितकीच निवळी आंत जाऊं शकते. त्यामुळें नागपूरचा कोरडा उन्हाळा, जो या समुद्राचा उघड शत्रु, तोच त्याला अधिक चुना भरवितो.

इतकें करूनही थर येत नाहीं. प्रथम दगडांवर तपकिरी साय धरते, मग हिरवळ माजते, आणि पाहणाऱ्याला हें सर्व प्रकरण एखाद्या हौदाच्या कोपऱ्यासारखें दिसूं लागतें. माझ्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या एका हौशी गृहस्थाच्या टाकीच्या कांचेवरून खरवडलेली जांभळी भुकटी आणून पंपापुढें सोडली होती. पांच-सहा महिने कांहीं दिसलें नाहीं. मग एके दिवशीं एक ठिपका दिसला. आणि तो त्यानें कौतुकानें रचलेल्या दगडांवर नव्हे, तर पंपाच्या मागच्या अंगाला, काळ्या प्लास्टिकवर. पुढील वर्षभरांत तो पसरत पसरत दगडांवर आला.

ती भुकटी म्हणजे विरजणच होय. येथें आपल्या गृहिणींची भाषा तत्त्वज्ञांच्या भाषेहून अधिक चोख आहे असें मला वाटतें. त्या 'दहीं लावलें' म्हणतात. 'दहीं केलें' असें फारसें म्हणत नाहींत. दूध कोमट असावें, विरजण ताजें असावें, भांडें हलवूं नये, इतकें आपल्या हातीं. लागणें हें दह्याचें काम. झाडेंही आपण लावतोंच. वाढविणें या क्रियापदांत जो अहंकार शिरला आहे तो लावणें या साध्या क्रियापदांत नाहीं. आणि विरजणाचा दुसरा गुण असा कीं तें दिल्यानें देणाऱ्याचें कमी होत नाहीं.

येथें धीराची स्तुति करण्याचा मोह होतो. तो मी आवरतों. ज्याला दुसरा मार्गच नाहीं त्याच्या वाट पाहण्याला सद्गुण म्हणणें म्हणजे मुक्यानें मौन पाळलें म्हणून त्याला मुनि म्हणण्यासारखें आहे. धीराची परीक्षा दुसरा मार्ग मोकळा असतांना होते. ठिपका दिसण्याच्या आधींच्या त्या रिकाम्या महिन्यांत तसा मार्ग मोकळा झाला. एका विक्रेत्यानें 'जिवंत खडक' देऊं केला: समुद्रांतून काढलेला, जांभळ्या थरानें पुरता मढलेला, त्यावर दोन-तीन जिवंत पोवळींही. एका दिवसांत टाकीला दहा वर्षांचें वय आलें असतें. त्यानें मला दूरध्वनि करून विचारलें, "सर, घेऊं का?"

कायद्याचें उत्तर सोपें होतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालापासून खडक बांधणाऱ्या साऱ्या पोवळ्यांचा अंतर्भाव आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें त्या दगडावरचें बोटभर पोवळें आणि ताडोब्यांतला वाघ हे एकाच रांगेंत बसतात. त्याच्या टाकींत पोवळीं नाहींत तीं यामुळेंच. परंतु तो मला कायदा विचारीत नव्हता; तो त्याला ठाऊक होता. त्याचें म्हणणें असें: "तो दगड तर समुद्रांतून निघालाच आहे, सर. मी नाही घेतला तर दुकानांतल्या बादलींत चार दिवसांत मरेल. माझ्याकडे जगेल. मग न घेण्यानें भलें कोणाचें झालें?"

हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाहीं, आणि त्याला जें उत्तर सामान्यतः देण्यांत येतें तें पुरेसें नाहीं. तें उत्तर असें कीं, तूं एक विकत घेतलास कीं विक्रेता दुसरा काढून आणील. हें खरें, परंतु एका गिऱ्हाइकाच्या नकारानें समुद्रांतील एकही दगड जागचा हलावयाचा राहील असें छातीठोकपणें कोण सांगूं शकेल? केवळ परिणामांच्या बेरजेवर हा प्रश्न सोडविला तर उत्तर दोन्ही बाजूंना झुकवितां येतें. म्हणून मीं त्याला दुसऱ्या बाजूनें पाहावयास सांगितलें. समजा, तो दगड वांचविण्याचा उपाय आहे, पण त्या उपायांत दगड तुझ्या माडीवर येत नाहीं. वन विभागाला कळविलें तर ते लोक तो ताब्यांत घेतील, आणि पुढें त्याचें काय तें होईल. तरीही तुला हीच तळमळ वाटेल का? गुलामांच्या बाजारांत एखाद्याला सोडविण्यासाठीं पैसे मोजणें आणि त्याला घरीं कामाला ठेवण्यासाठीं पैसे मोजणें यांत देण्याघेण्याचा व्यवहार एकच असतो. तरी दोघांची गणना आपण एका वर्गांत करीत नाहीं. जी दया आपल्याच दिवाणखान्यांत येऊन संपते तिच्याविषयीं संशय घ्यावा. त्यानें दगड घेतला नाहीं. बऱ्याच विचारानें वन विभागाला कळविलें. तो दगड जगला असें मला वाटत नाहीं. हा तोटा खरा आहे, आणि आपलें वागणें बरोबर होतें एवढ्यानें तो भरून निघाला असें मी समजत नाहीं. विरजण लावून बसणाऱ्याच्या आणि लुटीचा माल घेणाऱ्याच्या टाक्या तीन वर्षांनीं पाहणाऱ्याला सारख्याच दिसतील हेंही खरें आहे. भेद आहे तो टाकींत नाहीं, तो ज्या किनाऱ्यावरून दगड गेला नाहीं तेथें आहे.

परंतु माझा विद्यार्थी यांतून सुटला तरी मूळ प्रश्न सुटत नाहीं. माझे एक सहकारी, जे स्वभावानेंच संन्यासमार्गी आहेत, म्हणाले कीं चोरीचा असो वा सावकारीचा, समुद्राचा तुकडा माडीवर कोंडावाच कां? मासे आहेत, त्यांना निदान संवेदना आहे. त्या थराला तर मज्जातंतूही नाहींत. तेव्हां त्याला दुःख होत असेल असें म्हणून त्याची कींव करण्यांत अर्थ नाहीं. जगदीशचंद्र बोस यांनीं वनस्पतींच्या प्रतिसादांचे जे प्रयोग केले त्यांचा आधार घेऊन कित्येक लोक येथें भावनेच्या भरीं पडतात. मला तसें करण्याची गरज वाटत नाहीं. दुःख नसलें म्हणजे अन्यायही नसतो, हें गृहीतच मला मान्य नाहीं.

माझें म्हणणें असें आहे. समुद्रांत तें शैवल कोणाच्याही स्वाधीन नाहीं. लाटा आहेत, गोगलगायी त्याला खरवडतात, हिरवें शेवाळ त्याच्यावर चढाई करतें; तरी त्याचें जगणें कोणा एकाच्या आठवणीवर टांगलेलें नाहीं. गांधीबागेंत तें तसें टांगलेलें आहे. एका माणसाला ताप आला, तो परगांवीं गेला, त्याचें मन उडालें, तर तो थर आधीं फिका, मग पांढरा पडेल. हें परावलंबन त्या शैवलाच्या स्वभावांत नव्हतें. तें माझ्या विद्यार्थ्यानें उत्पन्न केलें. थराची वाढ ही त्याची कृति नव्हे. ती शैवलाची आहे, चुन्याची आहे, प्रकाशाची आहे. परावलंबन मात्र सर्वस्वी त्याचें कर्तृत्व आहे. 'हें मीं केलें' असें म्हणावयाचें तर तें यालाच उद्देशून म्हणतां येईल, आणि ऋण सुरू होतें तेंही येथूनच.

या मापानें मोजूं लागलें म्हणजे पुष्कळ वाढविणाऱ्यांचे हिशेब उलटे होतात. आईबापांचें उदाहरण येथें नेहमीं पुढें करण्यांत येतें, परंतु तें बरोबर बसत नाहीं. मुलाचें परावलंबन निसर्गानें दिलेलें असतें आणि दर वर्षीं कमी होत जातें. आईबाप तें निर्माण करीत नाहींत, तें संपेपर्यंत सांभाळतात. अधिक जुळतें उदाहरण आश्रयदात्यांचें. संस्थेला देणगी देऊन तिचें नांव, तिचे नियम, तिचे माणूस असे बांधून टाकावयाचे कीं दात्याचा हात निघतांच ती कोसळावी. आणि जोंवर ती उभी आहे तोंवर 'मीं वाढविली' असें म्हणावयाचें! मराठी संस्थांचा इतिहास जाणणाऱ्या वाचकांना उदाहरणें शोधण्यासाठीं लांब जावें लागणार नाहीं. शिक्षकांविषयीं न बोललेलेंच बरें.

गेल्या मे महिन्यांत एका रात्रीं त्या भागांतील वीज गेली ती नऊ तास आली नाहीं. इन्व्हर्टर पंपापुरता टिकला. शीतयंत्र त्यावर चालत नाहीं. माडीवरील हवा रात्रींही भट्टीसारखी, पाणी तीस अंशांकडे सरकूं लागलेलें. ज्या वडिलांनीं या छंदाला 'पैशाचें पाणी, तेंही खारें' असें नांव ठेवलें होतें, त्यांनींच मध्यरात्रीं कोणाला तरी उठवून बर्फ मिळविला. बर्फ थेट टाकींत टाकतां येत नाहीं, कारण वितळतांच पाण्याची क्षारता बिघडते. म्हणून तो बाटल्यांत भरून त्या बाटल्या पाण्यावर सोडावयाच्या, आणि वितळल्या कीं बदलावयाच्या. सारें घर पाळीपाळीनें जागलें. आजींनींही एक पाळी घेतली. त्या थराला याची जाणीव होती काय? मुळींच नाहीं. परंतु कर्तव्य ओळखण्यासाठीं दुसऱ्याची कृतज्ञता लागते असें त्या घरांत कोणाला वाटलें नाहीं. आणि कापडाच्या धंद्यांत वाढलेल्या माणसांना उसनवारी कशाला म्हणतात हें शिकवावें लागत नाहीं.

त्या रात्रीनंतर त्यानें एक शहाणपणाची गोष्ट केली. शहरांतील आणखी दोघा हौशी गृहस्थांशीं त्यानें ठराव केला कीं, तिघांपैकीं कोणाला टाकी चालविणें अशक्य झालें तर उरलेल्या दोघांनीं तिच्यांतील जीव वांटून घ्यावेत. आणि तोंवर तिघांनीं एकमेकांच्या कांचांवरची भुकटी आपापल्या टाकींत लावीत राहावें. ६४६ वर्षांची रोजनिशी लिहूं शकणाऱ्या कुळांतील वनस्पतीपुढें एका माणसाच्या हौसेचें आयुष्य तें किती! आपल्या पश्चात् जें दुसऱ्याच्या हातीं सोंपवितां येणार नाहीं तें सुरूच करूं नये, इतकें कठोर मी म्हणत नाहीं. पण सोंपविण्याची व्यवस्था पहिल्या दिवशींच करावी, असें म्हणतों.

एक गोष्ट मला या टाकीपुढें बसलें असतां राहून राहून जाणवते. पोवळ्याचें पिल्लू जन्मतः पोहतें असतें. कांहीं काळ पाण्यांत भटकून मग तें कायमचें बसावयास जागा शोधतें. ती जागा निवडतांना पुष्कळ जातींचीं पिल्लें प्रवाल-शैवलाच्या थरांतून, व त्यावर राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंकडून, मिळणाऱ्या रासायनिक खुणा ओळखतात, असें शास्त्रज्ञांना आढळून आलें आहे. म्हणजे हा थर समुद्रांत जणूं पाट मांडून ठेवतो. गांधीबागेंतील थरही त्याच खुणा पाण्यांत सोडीत असेल. तेथें कोणी येणार नाहीं. कायद्यानें यावयाचें नाहीं, आणि तें योग्यच आहे. पण ज्याला आपण समुद्राचा तुकडा म्हणतों त्यांत समुद्राचें किती उणें आहे, हें यावरून कळतें.

घरगुती टाकीचा हा प्रश्न सरकारालाही सुटलेला नाहीं. मुंबईच्या किनारा रस्त्यासाठीं २०२० सालीं वरळी व हाजी अली येथील पोवळ्यांच्या १८ वसाहती, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखालीं, उचलून दुसरीकडे बसविण्यांत आल्या. जागा मोजली तर दोन्ही मिळून चौरस मीटरभरही नव्हती. रस्ता हवा कीं पोवळीं, या वादांत मी शिरत नाहीं. परंतु जें आजवर कोणाच्याही देखरेखीवांचून, मुंबईच्या गढूळ पाण्यांतही, आपलें आपण जगत होतें तें त्या दिवसापासून देखरेखीचें झालें, आणि ती देखरेख कोणी किती वर्षें करावयाची हा प्रश्न कंत्राट संपलें म्हणून संपत नाहीं. उलट मालवणच्या समुद्राचा कांहीं भाग १९८७ सालीं अभयारण्य म्हणून राखण्यांत आला तेव्हां तत्त्व निराळें होतें: तेथें कोणाला वाढवावयाचें नव्हतें, हात आंखडता घ्यावयाचा होता.

हात आंखडता घेतला म्हणजे भागलें, असें म्हणून हा लेख संपवितां आला असता तर बरें झालें असतें. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभरावर किलोमीटर आंत, कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखली जाणारी अँग्रिया बँक नांवाची बुडालेली पठारभूमि आहे. तिच्यावर पोवळ्यांचे खडक आहेत, आणि तेथें ना वस्ती, ना निवळी पाजणारा कोणी. ती तरी स्वाधीन आहे काय? आपण जो कोळसा व तेल जाळतों त्याचा कार्बन वायु बऱ्याच अंशीं समुद्र पोटांत घेतो, आणि त्यानें समुद्राची अल्कधर्मी प्रवृत्ति कमी होत चालली आहे. चुन्याचे जे प्रकार अशा पाण्यांत आधीं झिजतात त्यांत मॅग्नेशियमची भर असलेला चुना, म्हणजे नेमका या शैवलाचा चुना, अग्रभागीं आहे. गांधीबागेंतील टाकी थंड ठेवणारी वीज बव्हंशीं कोळशाची. कोराडीचीं व खापरखेड्याचीं धुरांडीं नागपूरकरांना परकीं नाहींत. म्हणजे माडीवरच्या तीनशे लिटरांना सांभाळणारी वीज अँग्रिया बँकेच्या थरालाही, अत्यल्प प्रमाणांत कां होईना, नागपूरच्या स्वाधीन करीत असते. आणि तेथें बाटल्यांत बर्फ भरून जागणारें कोणी घर नाहीं.

हें मीं त्याला सांगितलें तेव्हां त्यानें वाद घातला नाहीं. व्यापाऱ्याचा मुलगा, त्यानें वहींत शीतयंत्राची, पंपांची व दिव्यांची महिन्याची युनिटें मांडलीं. टाकी बंद केली तर थर मरतो, चालविली तर इतकी वीज जळते. मधला आंकडा कोठें बसतो तें त्यानें दोन दिवस काढून पाहिलें. दिवाळीनंतर, हवा थंड झाली म्हणजे, ती टाकी दीडशे लिटरांची करावयाची असें आतां ठरलें आहे. अर्धे दगड दुसऱ्या दोघांकडे जातील. जातांना ते ओल्या कापडांत गुंडाळून, थर वाळूं न देतां, न्यावे लागतील. कापडाला त्या घरांत तोटा नाहीं.